सात हात उंच मांडव आणि शेजारणीची सावली

फजिती झाली. झाली म्हणते ना, लपवते कुठं? पण पुढचं ऐकायच्या आधी एक गोष्ट कानात घालून ठेवा, म्हणजे मधेच कुणी फिदीफिदी हसायला नको. मांडव पडला नाही! तीन दिवस भर वाळवंटात उभा होता. वाऱ्यानं लोकांची कापडं पतंगासारखी उडाली, माझ्या मांडवाची एक कांबट हलली नाही. हे ज्याला पटत नसेल त्यानं आपला चहा उचलावा आणि बाहेर ओसरीवर जाऊन प्यावा.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पाचवीची शाळा लांब, मधे ओढा, ओढ्याला पूल नाही. शिक्षण तिथं थांबलं. तोंड थांबलं नाही.

तर झालं असं. आमचं गाव जोयडा तालुक्यात, दिग्गीच्या बाजूला, रानात. आमचा बायांचा गट कंदांचं बेणं राखतो. बेणं म्हणजे पुढच्या साली लावायला ठेवलेले कंद. एक दिवस बाजारकुणंगच्या पंचायतीत आम्हाला बोलावणं आलं. शहरातल्या एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, निरनिराळ्या राज्यांतल्या बी राखणाऱ्या बाया राजस्थानात वाळवंटात जमणार आहेत. तीन दिवस. प्रत्येकीनं आपलं बी आणायचं, दाखवायचं, परत न्यायचं. झोपायला तंबू मिळतील, पण ते लांब, आणि दिवसा आत बसलात तर माणूस भाजून निघेल.

"म्हणून दिवसाची सावली प्रत्येक गटानं आपापली करायची," मॅडम म्हणाल्या. "मजबूत हवी, तिथं वारा फार. आणि उचलून नेता आली पाहिजे. शेवटच्या दिवशी वाळूत एक खुंटीसुद्धा मागं ठेवायची नाही."

सगळ्या बाया एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. मी उभी राहिले.

"मांडवच घालायचा न्हवं? मी घालते."

आता आमच्याकडं मांडव घालायचा पुरुषांनी. बायांनी खाली शेण सारवायचं. पण माझ्या मालकांच्या हातचा मांडव दोनदा पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय. एकदा तर खाली नवरदेव होता! त्यानंतर आमच्या घरात मेढी मी रोवते. मेढी ठोकून बघायला तेवढं ह्यांना बोलावते, पुरुषाचा मान म्हणून.

घरी आले आणि आत्तीपुढं उभी राहिले. आत्ती म्हणजे माझी सासू. घरातलं मुडलीचं सगळं बेणं तिच्या ताब्यात. मुडली म्हणजे आमच्याकडचा कंद, अळवाच्या जातीचा, जाड आणि लांबट. आत्तीकडची मुडली तांबड्या देठाची, ती दुसऱ्या कुणाकडं नाही. मागच्या साली रानडुकरांनी वाफे उकरले, त्यातून उरली ती एक टोपली. बस्स. ती टोपली संपली की ती जात संपली.

आत्तीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तिथं झाडं हायत काय?"

"न्हाईत."

"मग सावली?"

"सावली मी संगट घेऊन जाते, आत्ती."

बघा, तोंड! आत्तीनं टोपलीतले अर्धे कंद घरात ठेवले, अर्धे माझ्या ओटीत घातले. म्हणाली, "मोडाला उन्हाचा चटका लागला तर तो मरतो. मोड मेला तर कंद म्हंजे नुसता दगूड. आणि तसं झालं तर तू तिकडंच ऱ्हा. उंटावर बस, न्हाईतर काय पण कर."

मी कामाला लागले. जाड कळकाचे, म्हणजे बांबूचे, खांब. रेल्वेत मावायला हवेत म्हणून प्रत्येकाचे दोन तुकडे केले. जाड कळकाच्या पोकळीत बारका कळक बसवायचा आणि आरपार खुंटी मारायची, की तुकडे जोडून एक खांब! वर कांबट्यांची, म्हणजे चिरलेल्या बांबूच्या पट्ट्यांची चौकट, तिच्यावर माडाची विणलेली झापं. चौकटीचेही चार भाग, सुंभानं जोडायचे. खाली कमरेएवढ्या उंचीवर चारी बाजूंनी आडवे दांडे, म्हणजे चौघींनी धरलं की अख्खा मांडव उचलून नेता येईल. लांबीरुंदीला सहा हात. उंचीला सात हात.

माझी जाऊ सावित्री बघत होती. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि जिभेनं माझ्यापेक्षा मोठी.

"अक्का, लांबीपेक्षा उंची जास्त हाय. ह्यो मांडव हाय का टॉवर?"

"डोकीवर भारा घेतलेलं माणूस न वाकता आत आलं पायजे. वाकून आत जायाचं त्यो मांडव न्हवं, गोठा!"

"मग वर चढून बघू काय? आमच्या गावात नेटवर्क तरी येईल."

मी लक्ष दिलं नाही. अंगणात मांडव उभा केला. आत घोंगडं टाकलं, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आत बसून भाजी निवडली, सुपारी फोडली, सावित्रीशी भांडले. गार! अंगाला उन्हाचा एक ठिपका लागला नाही.

"झाली का न्हाई सावली?" मी म्हटलं.

"झाली की," सावित्री वर बघत म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, ती वर काय बघत होती? तर आमच्या अंगणात फणस आहे. आजेसासऱ्यांच्या वेळचा. त्याच्याखाली अख्खी वरात बसते. मांडव मी त्या फणसाखाली घातला होता. पण तेव्हा मला ते सुचलं का? नाही. सावित्रीला सुचलं होतं का? ती आजपर्यंत सांगत नाही.

मांडवाबरोबर आमच्या मालकांनी एक ताटी विणली होती. बांबूची, घट्ट, उभी बांधायची. आमच्याकडं मांडवाला मावळतीच्या बाजूनं ताटी लावतातच, कारण पाऊस तिकडून मारतो. बिचाऱ्यांनी चार दिवस बसून विणली. बोजा बांधताना मी ती ओढून बाहेर टाकली.

"अगं, ऱ्हाऊ दे की ती," हे म्हणाले.

"आवं, वाळवंटात चाललोय. तिथं पावस हाय काय?"

"न्हाई."

"मग ताटी कशाला? तुमची आठवण म्हणून?"

ह्यांनी ताटी उचलून कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली. कोंबड्या सुखी झाल्या.

आम्ही चौघी निघालो. मी, सावित्री आणि गटातल्या दोघी. लोंढ्याहून रेल्वे. कळकाचा भारा बघून तिकीट तपासणारा म्हणाला, "ये क्या है?" मी म्हटलं, "मांडव." तो म्हणाला, "किसकी शादी है?" मी म्हटलं, "मेरी!" त्यानं माझ्या पिकल्या केसांकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं, आणि पुढच्या डब्यात गेला. पुन्हा आला नाही.

वाळवंट बघितलंय का तुम्ही? आमच्या जोयड्यात ऊन म्हणजे पानांतून गळून खाली येईल तेवढं. सावली आम्हाला कधी शोधावी लागत नाही, ऊन शोधावं लागतं. मिरच्या वाळत घालायच्या तर ऊन कुठं आलंय ते बघत टोपली घेऊन फिरतो. आणि तिथं? जिकडं बघावं तिकडं ऊनच ऊन, आणि मधे आम्ही चौघी. भात पाखडून झाल्यावर सुपात राहिलेल्या खड्यांसारख्या.

पांढरी फक्की ओढून प्रत्येक गटाला चौकोन आखून दिला होता. आमच्या मावळतीला गाड्यांची वाट, उगवतीला शेजारीण. शेजारीण म्हणजे तिथलीच एक म्हातारी, लाल ओढणी, हातभर पांढऱ्या बांगड्या, दोन सुना, तीन शेळ्या. तिची सावली कशी? चार काठ्या रोवलेल्या, त्याही कमरेएवढ्या, वर एक जाड कापड, आणि मावळतीच्या बाजूनं ते कापड पार वाळूपर्यंत खाली ओढून वर दगड ठेवलेले. आत जायचं तर रांगत.

मी सावित्रीला म्हटलं, "बघ, ह्याला मांडव म्हणत्यात! शेळीनं मान वर केली तर छप्पर जाईल."

वाळूत मेढ उभी राहीना. खड्डा काढला की वाळू परत आत. पण मी ऐकते होय? चार पोती मागितली, वाळूनं भरली, प्रत्येक खांबाच्या पायाला एक बांधून पुरलं. दुपारपर्यंत मांडव उभा! तेवढ्यात वारा सुटला, तीन-चार गटांची कापडं उडाली, बाया त्यांच्यामागं धावल्या. माझा मांडव जागच्या जागी. लोक येऊन हात लावून बघायला लागले. मॅडमनी फोटो काढला. ऊन डोक्यावर होतं, सावली बरोबर मांडवाच्या पोटात. मधोमध आत्तीच्या मुडलीची टोपली ठेवली. आम्ही भाकरी सोडल्या. मी शेजारणीला पोटभर दया दाखवत जेवले.

आणि मग सावली सरकायला लागली.

आधी मला वाटलं, टोपली कुणी हलवली. टोपलीच्या कडेला ऊन आलं होतं. मी ती सावलीत ओढली. थोड्या वेळानं परत कडेला ऊन. परत ओढली. आम्ही चौघीही बसल्या बसल्या सरकत होतो. बोलता बोलता उगवतीकडच्या खांबाला पाठ लागली. अजून थोडं सरकलो, खांबाच्या बाहेर! वर बघितलं तर डोक्यावर छप्पर नाही, मोकळं आभाळ. आणि मागं माझा सात हातांचा मांडव उभा, ऐटीत, त्याच्या खाली लख्ख ऊन.

"अक्का," सावित्री म्हणाली, "मांडव हितं हाय. सावली कुठं चालली?"

सावली फक्कीची रेघ ओलांडून चालली होती. शेजारणीच्या चौकोनात. आणि म्हातारीनं काय करावं? सुनांना हाक मारली, शेळ्या सोडल्या, आणि सगळं खटलं माझ्या सावलीत येऊन बसलं! शेळ्यांसकट! एक शेळी तर रवंथ करत माझ्याकडंच बघत होती.

माझं टाळकं फिरलं. मी रेघेवर जाऊन उभी राहिले.

"ओ बाई! ये सावली मेरा हाय!"

म्हातारीनं वर बघितलं. "हैं?"

"ये! ये जिधर तुम बैठ्या हाय! ये मेरे मांडव का हाय! हम जोयडा से लाया हाय! रेल्वे से!"

म्हातारीला आमचं गाव कळलं नसेल, पण हातवारे कळले. तिनं मांडव बघितला, खाली वाळू बघितली, मला बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "थारी छाया? तो ले जा, बाई. उठा के ले जा."

घेऊन जा म्हणे! सावित्री तोंडात पदर कोंबून बसली. हसत होती ती, उन्हानं नव्हे.

"अक्का, भावोजींची ताटी असती तर मावळतीला..."

"ताटीचं नाव काढशील तर जीभ उपटीन!"

"मग घोंगडं तरी बांधूया त्या बाजूनं."

"आन् आपल्या मांडवाला चिंध्या लावू? सगळं लोक बघत्यात!"

खरं सांगते, घोंगडं बांधलं असतं तर हा किस्सा इथंच संपला असता. टोपली घेऊन म्हातारीशेजारी जाऊन बसले असते तरी संपला असता. पण माझ्याच सावलीत बसायला मी दुसऱ्याच्या दारात जाऊ? माझी मान तेवढी वाकत नाही. म्हणून तर मांडव सात हात केला होता!

मी म्हटलं, "उचला."

"काय?"

"मांडव! सावली उगवतीला गेलीया न्हवं? मग मांडव मावळतीला न्यायाचा. सावली आपोआप घरात येती."

आहे की नाही डोकं? पोती उकरली, खांबांच्या पायाशी लोंबू दिली, चौघींनी चार बाजूंचे दांडे धरले आणि आठ पावलं मावळतीला सरकलो. सावली सुतासारखी सरळ आमच्या चौकोनात आली, टोपलीवर. मी म्हातारीकडं बघून नाक उडवलं. ती सुना आणि शेळ्या घेऊन आपल्या कापडाखाली रांगत गेली. मधेच थांबून सूर्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि आत गेली.

अर्धा तास बरा गेला. मग ती सावली परत निघाली! काय तिचं माहेर होतं काय त्या चौकोनात? आम्ही परत मांडव उचलला. आता खांब वाटेवर आले. परत सरकली. परत उचलला. आता आम्ही वाटेच्या मधोमध, आणि समोर एक उंटाची गाडी. उंट मांडवाकडं बघतोय, मी उंटाकडं. दोघंही हटेनात. गाडीवाला ओरडतोय. माणसं जमली. सावली मात्र मागं बरोबर टोपलीवर पडली होती. मी कशाला हलते?

पलीकडं मॅडम माईकवर बोलत होत्या. गलका ऐकून त्याच आल्या. सगळ्या राज्यांच्या बाया त्यांच्या मागनं. मॅडमनी मांडव बघितला, वाळूतल्या आमच्या पावलांची रांग बघितली, आणि त्यांचे डोळे असे चमकले!

"तुम्ही मांडव चालवत आणलात? ही तुमच्याकडची प्रथा आहे का?"

आता सांगा, तिथं काय बोलायचं? चाळीस बाया, एक उंट, आणि मी म्हणू, की मला मांडव घालता आला नाही?

"व्हय," मी म्हटलं. "चालता मांडव."

सावित्रीच्या हातातला दांडा निसटता निसटता राहिला.

"म्हणजे नेमकं काय असतं?"

"सूर्यदेव मावळतीला एकटा जातो. त्याला सोबत म्हणून थोडं मागनं चालायाचं." माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. "बायांनीच. पुरुषांचा हात लागत न्हाई."

दोघीतिघींनी हात जोडले. गाडीवाल्यानं उंट मागं घेतला! मॅडम धावत माईककडं गेल्या आणि सांगून टाकलं, की कर्नाटकातल्या रानातून आलेल्या भगिनी त्यांचा पारंपरिक चालता मांडव दाखवत आहेत, सर्वांनी फेरीत सामील व्हावं. कुणीतरी ढोल आणला. झालं! पुढं ढोल, मधे मांडव, मागं पाच राज्यं.

"अक्का," सावित्री दात न उघडता म्हणाली, "गाणं लागंल. प्रथा हाय म्हंजे गाणं पायजे."

"धर कुठलंतरी."

तिनं भात लावतानाचं गाणं धरलं. वाळवंटात, टिपूसभर पाणी नाही, आणि आमच्या गाण्यात सगळा चिखल! वाळूची पोती पोटऱ्यांना आपटतायत, घाम डोळ्यांत जातोय. अख्ख्या मैदानाला फेरी निघाली. बाया मागनं टाळ्या वाजवत होत्या. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंही वाटायला लागलं. मी मान ताठ केली.

ताठ मानेनं वळले, तेव्हा लांबवर आमचा चौकोन दिसला.

लख्ख ऊन. अहो, मांडव चालला तशी सावलीही आमच्याबरोबर चालली होती! टोपली तिथंच, उघड्यावर, किती वेळ झाला देव जाणे. आत्तीचा चेहरा डोळ्यांपुढं आला. डुकरांतून वाचलेलं बेणं मी ढोल वाजवत भाजून काढलं!

मी दांडा सोडला आणि पळाले. मांडव माझ्या बाजूनं कलला. मागं सावित्री ओरडली, "अक्का, प्रथा!" मी म्हटलं, "घाल चुलीत!" पाय वाळूत रुततायत, लुगडं आवरत नाही. मागच्या बायांना वाटलं, हाही विधीच. दोघी माझ्यामागं पळत आल्या!

चौकोनात आले. टोपली होती. टोपली रिकामी होती.

मी तिथंच वाळूत बसले. वाळू चटके देत होती ते कळलंसुद्धा नाही. पहिलं मनात आलं, शेळ्यांनी खाल्लं. पण कच्ची मुडली शेळी खाईल तर तिची जीभ खाजेल, ती नाचत सुटेल. एकही नाचत नव्हती. रडू आलं होतं, पण त्या दोघी बाया समोर हात जोडून उभ्या, विधी पुढं काय ते बघायला. रडायची सुद्धा सोय नाही!

तेवढ्यात कापडाखालून लाल ओढणी बाहेर आली. म्हातारीनं बोटानं खूण केली, ये. मी गेले. रांगत. हो, रांगत गेले, सांगून टाकते. आत गारवा. पाण्याची मडकी, त्यांच्या बुडाशी ओली वाळू, आणि त्या वाळूत कोपरभर खड्डा. म्हातारीनं माझा हात धरून त्यात घातला. गार! आमच्या ओढ्याकाठची माती असते तशी. आणि त्यात एकाला एक लावून मुडली. मी एकेक वर काढली, चाचपली. मोड ओले. सगळे.

"मैं तो कब से बुला रही थी," म्हातारी म्हणाली. "थारो ढोल बज रयो थो."

ढोल वाजत होता म्हणून मला ऐकू आलं नाही! मी जन्मात कुणापुढं गप्प बसले नसेन, तिथं बसले. ती मला तिच्या कांद्याचं बी दाखवत राहिली. मी बघत राहिले.

पुढचे दोन दिवस मुडली तिच्या खड्ड्यात. लोक आले की मी एक कंद आत जाऊन आणायची, दाखवायची, परत पुरायची. मांडव जागेवर परत उभा केला. सावित्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या अक्काची सावली सकाळी वाटंवरच्या उंटाला, दुपारी शेजारणीला. आमच्याकडं फकस्त जेवायला येती." आणि मॅडमनी फळ्यावर लिहून टाकलं होतं: चालता मांडव, दुपारी तीन वाजता. रोज! तीनच्या उन्हात आम्ही चौघी मांडव उचलून सूर्याची सोबत करायचो, आणि म्हातारी तिच्या कापडाखालून शेळीच्या मानेवर हात ठेवून बघायची.

घरी आलो. आत्ती दारातच बसली होती. पाणी विचारलं नाही, प्रवास विचारला नाही. टोपली पुढ्यात ओढली. एकेक कंद घेतला, मोडावरून अंगठा फिरवला, खाली ठेवला. शेवटचा कंद ठेवून तिनं अंगठा उजेडात धरला. त्याला बारीक पिवळी वाळू चिकटली होती.

"हे ओल्या वाळूत कुणी ठेवलं?"

मी म्हणणारच होते, की मी. सावित्री शेजारीच होती. तिनं नुसता घसा साफ केला. मग काय, सगळं सांगितलं. फणसापासून ढोलापर्यंत. आत्ती हसली नाही, रागावली नाही. फक्त त्या बाईचं ऐकताना दोनदा मान हलवली.

आमच्या घरात एक रीत आहे. ज्या बाईनं बेणं मरता मरता राखलं, तिच्या नावाचा वाफा असतो. एक वाफा आत्तीच्या सासूचा, एक आत्तीचा. पंचवीस वर्षं नांदतेय, माझ्या नावाचा वाफा नाही. पेरणीच्या दिवशी आत्तीनं वाटेकडेचा सगळ्यात चांगला वाफा दाखवला आणि म्हणाली, "ह्यो त्या लाल ओढणीवालीचा. खणून काढ."

मी खणला. शेण घातलं. मुडली लावली. अजूनही त्यात खुरपं मीच घालते. आणि लाज वाटते असं समजू नका! ज्या दिवशी कोंब वर आले त्या दिवशी उन्हाची तिरीप पडली होती, कोंब कोवळे. मला राहवलं नाही. मी आत्तीला म्हटलं, "मांडव पडून हाय. ह्या वाफ्यावर घालू काय?"

आत्तीनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"घाल की," ती म्हणाली. "शेजारच्याची मिरची तरी गार ऱ्हाईल."